परसात शिरणाऱ्या मोकाट कोंबड्यांचा बंदोबस्त



परसात मेथीचा वाफा करावा, चार दिवसांनी कोंब वर यावेत, आणि सकाळी दार उघडून बघावं तर सगळा वाफा उकरलेला! वाळवणात कोंबड्या, पडवीत घाण. विचारायला जावं तर त्या कुणाच्याच नसतात. कुणी घर बंद करून शहराला गेलेलं असतं आणि मागे राहिलेली कोंबडी झाडावर बसू लागते. कुणाकडे कोंबड्या असतात, पण खुराडं नसतं. आज या मोकाट कोंबड्यांविषयी बोलू.

कोंबडी आपल्या परसात येते ती दाणा, पाणी आणि बसायला जागा यांसाठी. हे मिळेनासं झालं की ती हळूहळू येणं सोडते. म्हणून सांडलेलं धान्य रोजच्या रोज झाडून घ्या. खरकटं उकिरड्यावर उघडं टाकू नका, खड्ड्यात टाकून वर माती लोटा. गुरांच्या गव्हाणीखालचा भरडा गोळा करा. वाळवणावर जुनी जाळी किंवा लुगडं पसरा.

वाफ्याचं रक्षण सोपं आहे. बी टाकल्यावर वर बोरी-बाभळीच्या काटेरी फांद्या पसरून ठेवा. कोंबडीला उकरायला मोकळी, भुसभुशीत माती लागते. पायाला काटा लागला की ती पुढे सरकते. रोपं वीतभर झाली की फांद्या काढा. कायमचं कुंपण करायचं असेल तर एक इंची जाळी घ्या, मोठ्या भोकातून पिलं आत शिरतात. उंची पाच-सहा फूट ठेवा आणि खालची कड मातीत पुरा. कुंपणावर आडवा वासा मात्र बांधू नका. गावठी कोंबडी चांगली उडते. ती आधी वाशावर बसते आणि मग आत उतरते. कुंपणालगतच्या फांद्याही छाटा.

आता बेवारशी कोंबड्या धरायच्या कशा? दिवसा मागे धावून उपयोग नाही, तुम्ही दमाल आणि कोंबडी बिथरेल. अंधारात कोंबडीला दिसत नाही. तिन्हीसांजेला ती कुठल्या फांदीवर बसते ते पाहून ठेवा. रात्री हळूच जा, दोन्ही पंख अंगाशी दाबून उचला आणि डालग्याखाली झाका. सकाळी गावात चौकशी करा, ग्रामपंचायतीत सांगा. मालक नाहीच मिळाला आणि तुम्हीच पाळायची ठरवली, तर दोन-तीन आठवडे आपल्या कोंबड्यांपासून वेगळी ठेवा. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, अशाच बाहेरच्या कोंबडीबरोबर घरात येतो. धाप, हिरवट हगवण, वाकडी झालेली मान ही त्याची लक्षणं. त्यावर औषध नाही, लस आहे. ती जनावरांच्या दवाखान्यात विचारून वेळेवर टोचून घ्या.

झुडपात, गवताच्या गंजीत अंडी घातलेली दिसतात का, तेही बघत जा. तिथे कोंबडी खुडूक बसली की एकवीस दिवसांत पिलं बाहेर पडतात आणि एकीच्या दहा होतात. अंडी रोज उचला, पण एक तिथेच राहू द्या. सगळी नेली तर कोंबडी जागा बदलते.

आणखी एक गोष्ट. रागाच्या भरात उंदराचं औषध लावलेले दाणे कधीही टाकू नका. ते दाणे तुमचं कुत्रं खाईल, मोर खाईल, रांगतं मूलही तोंडात घालील. मुक्या जिवाला विष घालणं १९६० सालच्या प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने गुन्हाही आहे.

एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्यांना उघड्या हाताने शिवू नका, ओढ्यात फेकू नका. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. त्यामुळे वेळेवर कळवणं फार महत्त्वाचं.

शेवटी मनातलं सांगतो. कोंबडी शेजाऱ्याची असेल तर दगड उचलू नका. मी एकदा उचलला होता. माझा वाफा उकरला म्हणून मारला आणि कोंबडीचा पाय मोडला. तिच्या अंड्यांवर त्या माउलीचं तेलमीठ चालायचं, हे मला नंतर कळलं. मेथी पुन्हा पंधरा दिवसांत उगवली, पण दोन घरांचं बोलणं दोन वर्षं बंद होतं. अखेर मीच चार फळ्या ठोकून तिला खुराडं करून दिलं. दाराशी संध्याकाळी मूठभर दाणे टाकले की कोंबड्या आपण होऊन आत जायच्या. मग तिच्या कोंबड्या माझ्या परसात फिरकल्या नाहीत. ते खुराडं आधी केलं असतं तर?

तेव्हा मंडळी, आधी सांडलेले दाणे झाडा, मग कुंपण बघा, आणि शेजाऱ्याशी गोडीनं बोला.