जुन्या गाडीचे इंजिन आणि आदिलाबादचा उन्हाळा

कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात 2014 सालापर्यंत तयार होत राहिलेली अँबॅसेडर मुळात इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घडवलेली. मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी इटलीच्या फियाट 1100 वरून आलेली. दोन्ही गाड्यांचा मूळ आराखडा युरोपातल्या हवेत आखला गेला, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. रेडिएटर उष्णता नाहीशी करत नाही, ती फक्त हवेच्या हवाली करतो. किती वेगाने, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. इंजिनातले पाणी 90 अंशांवर आणि बाहेरची हवा 20 अंशांवर असेल, तर हा फरक 70 अंशांचा. हवा 45 अंशांवर गेली की तो 45 अंशच उरतो. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, तेच पाणी, पण उष्णता बाहेर टाकण्याची ताकद सुमारे 64 टक्के. पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातली साधारण एक तृतीयांश उष्णता याच वाटेने बाहेर जायची असते. तेव्हा आदिलाबादजवळच्या बेला, जैनद, तामसीकडच्या रस्त्यांवर दुपारी जुनी गाडी तापत असेल, तर तिच्यात खोट आहे असे लगेच ठरवू नये. मात्र तिच्याजवळ राखीव ताकद फारशी नाही, हे खरे.

यावर बहुतेकांना सुचतो तो उपाय म्हणजे मोठा, नवा अॅल्युमिनियमचा रेडिएटर. माझे म्हणणे असे की तो शेवटचा उपाय आहे. आधी मूळ रचना पूर्ण क्षमतेने चालते का ते पाहावे, मग हवेची वाट सुधारावी, आणि एवढे करूनही भागले नाही तरच मोठ्या भागांकडे वळावे. कारण पन्नास वर्षांच्या गाडीतला रेडिएटर कारखान्यातून निघाला तेव्हा जेवढा होता तेवढा आता उरलेला नसतो. आपल्या भागातल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. पाणी तापवायच्या हीटरच्या कॉइलवर जसा पांढरा थर बसतो, तसाच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या आतल्या पाण्याच्या पोकळीत बसतो. बिडाच्या मानाने हा थर उष्णता फारच कमी वाहून नेतो. सिलिंडरच्या मागच्या बाजूला गंज आणि गाळ साचला असेल, तर पुढे कितीही मोठा रेडिएटर लावा. उष्णता पाण्यापर्यंतच पोहोचणार नाही, मग रेडिएटरपर्यंत काय पोहोचणार? म्हणून इंजिन ब्लॉकचे पाणी सोडायचा नट काढून, उलट दिशेने पाण्याचा झोत मारून आतला गाळ धुऊन काढणे आणि रेडिएटर खोलून नळ्यांत सळई फिरवून घेणे, ही पहिली खरी सुधारणा. वॉटर पंपाची झिजलेली पाती, आतून पोचट झालेला आणि इंजिनाचा वेग वाढला की चिमटणारा खालचा होज पाइप, ढिला फॅन बेल्ट हेही त्याच कामात पाहून घ्यावे. इग्निशनचे टायमिंग मागे पडले असेल तर इंजिन विनाकारण तापते. आताच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या कार्बोरेटरचे मिश्रण पातळ होते, तेव्हा जेटही जुळवून घ्यावी लागते.

यानंतर हवा. सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने जाताना गाडीला हवा आपोआप मिळते. खरी कसोटी लागते ती निर्मल ओलांडून नेरडिगोंड्याकडे येताना महबूब घाटासारख्या चढावर: गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनावर पूर्ण भार, वेग मात्र जेमतेम. तिथे सगळी मदार पंख्यावर. पण पंख्याभोवती पत्र्याचा घेर, म्हणजे शराउड, नसेल तर पंखा बरीचशी हवा रेडिएटरमधून ओढण्याऐवजी कडेनेच फिरवत राहतो. चांगला पत्रेकार असा घेर बसवून देऊ शकतो. खर्च थोडा आणि गुण मोठा. इलेक्ट्रिक पंखाही उपयोगाचा, कारण इंजिनाचा वेग कमी असतानाही तो पूर्ण वेगाने फिरतो. मात्र तो दहा-पंधरा अँपिअर वीज खातो, आणि जुन्या गाडीत डायनॅमो असेल तर मंद वेगात तो एवढी वीज देऊच शकत नाही. आधी अल्टरनेटर, मग इलेक्ट्रिक पंखा. हा क्रम उलटा केला तर रात्री घाटात दिवे मंद होतील आणि बॅटरी बसेल.

काहीजण म्हणतील, एवढी उठाठेव कशाला, थर्मोस्टॅट काढून टाकला की झाले. उष्ण मुलखात ही पद्धत सर्रास दिसते, पण तिला आधार नाही. उन्हात इंजिन पुरते तापल्यावर थर्मोस्टॅट उघडलेलाच असतो, त्यामुळे तो काढून फारसे काही पदरात पडत नाही. नुकसान होते ते हिवाळ्यात. आदिलाबादची जानेवारीतली पहाट तेलंगणातल्या सर्वांत थंड पहाटांपैकी असते. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन अशा हवेत मैलोन्मैल गारच चालते, चोक ओढलेला राहतो, पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते आणि ऑइलमध्ये ओल धरून गाळ होतो. इंजिनाची झीज तिथे सुरू होते. दुसरा लोकप्रिय उपाय जास्त दाबाच्या झाकणाचा. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांना साधारण 7 पौंड दाबाचे झाकण असे, त्याने पाण्याचा उत्कलनबिंदू बारा-एक अंशांनी वर जातो. दुप्पट दाबाचे झाकण लावले तर पाणी आणखी उशिरा उकळेल, पण इंजिन एक अंशानेही थंड होणार नाही. आणि जुन्या पितळी रेडिएटरचा डाग किंवा होज पाइप मात्र फुटेल. कूलंटचेही तसेच. आपल्याकडे पाणी गोठायची भीती नाही, आणि अर्धे ग्लायकॉल घातलेले मिश्रण शुद्ध पाण्याहून सुमारे दहावा हिस्सा कमी उष्णता वाहते. तरी नुसते पाणी वापरू नये, कारण कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये हवीतच. डिस्टिल्ड पाण्यात एक तृतीयांश कूलंट पुरे, आणि तो पितळी रेडिएटरला चालणाराच मागून घ्यावा.

सगळ्यांत वजनदार आक्षेप जुन्या गाड्यांच्या जाणकारांचा: गाडी मूळ रूपात राहिली पाहिजे. मला तो मान्य आहे, आणि आता त्याला कायद्याचेही बळ आहे. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. त्यांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला वेगळी नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. 1960 च्या दशकातली फियाट आणि अँबॅसेडर या वयात केव्हाच पोहोचल्या आहेत, पहिल्या पद्मिनीही पोहोचत आहेत. मात्र मूळ रूप म्हणजे चोंदलेला रेडिएटर नव्हे. सफाई, घेर, अल्टरनेटर, पंखा या सगळ्या गोष्टी नट-बोल्टवर बसतात आणि पुन्हा काढता येतात. मोठ्या रेडिएटरसाठी पुढचा पत्रा कापावा लागत असेल, तर तो बेत सोडून द्यावा. काम फेब्रुवारीतच करून घ्या, उन्हाची वाट पाहू नका. आणि मेकॅनिकने काढलेला मूळ डायनॅमो, पंखा किंवा झाकण भंगारात जाऊ देऊ नका. तारीख लिहून, तेल लावून घरी जपून ठेवा.