रीत लिहून ठेवा
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपापल्या कामातलं काहीतरी सांगा, असं संयोजकांचं फर्मान आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. जुन्या झालेल्या प्रणाली बंद करायचं काम बरेचदा माझ्याकडे येतं. नवीन प्रणाली सुरू होते तेव्हा केक कापतात. जुनी बंद करताना तिकडे कोणी फिरकतही नाही. म्हणून आज थांबवलेल्या एका यंत्राबद्दल बोलते. ते यंत्र म्हणजे शर्यतीची एक गाडी, मर्सिडीज-बेंझ ३०० एसएलआर, क्रमांक ७२२.

इटलीत ‘मिले मिलिया’ नावाची शर्यत व्हायची. ब्रेशियाहून निघून रोममार्गे परत ब्रेशिया, जवळजवळ १६०० किलोमीटर, तेही रोजच्या वाहतुकीच्या रस्त्यांवरून. गाडीवरचा क्रमांक म्हणजे तिची सुटायची वेळ. १ मे १९५५ रोजी सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी स्टर्लिंग मॉस सुटला. शेजारी डेनिस जेन्किन्सन हा पत्रकार. दोघांनी आधी रस्ता फिरून वळणं, चढ, रेल्वे फाटकं टिपून ठेवली होती. ती टिपणं साडेपाच मीटर लांब कागदाच्या गुंडाळीवर होती. गुंडाळी एका डबीत बसवलेली. जेन्किन्सन ती फिरवत वाचायचा आणि हातांच्या खुणांनी मॉसला पुढचा रस्ता सांगायचा, कारण इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकूच येत नसे. वाटेत त्याला उलटी झाली आणि चष्मा वाऱ्यावर उडून गेला. जवळ दुसरा होता म्हणून निभावलं! १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत ते परत आले. सरासरी वेग ताशी १५७ किलोमीटरहून जास्त. तो विक्रम शेवटपर्यंत कोणी मोडला नाही.

त्याच वर्षी ११ जूनला फ्रान्समध्ये ल माँच्या शर्यतीत याच जातीची दुसरी गाडी आदळली, तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले आणि ८० हून अधिक माणसं गेली. वर्षअखेरीला कंपनीने शर्यतींतून माघार घेतली. ७२२ मात्र कंपनीने जपली, चालती ठेवली. पुढे अनेक वर्षं मॉस तिला समारंभांत चालवत असे. २०११ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, ल माँच्या सरावात त्याला स्वतःलाच भीती वाटली आणि त्याच दिवशी त्याने शर्यत सोडल्याचं जाहीर केलं. १२ एप्रिल २०२० ला तो गेला. त्यानंतर त्याला मानवंदना म्हणून ७२२ लंडनच्या रस्त्यांवरून शेवटची चालवली आणि मग ती स्टुटगार्टच्या संग्रहालयासाठी ठेवली.

चालती गाडी का थांबवायची? धावलं की भाग झिजतात, झिजले की बदलावे लागतात. आठ सिलिंडरचं ते इंजिन असं, की त्याच्या झडपा बंद करायला स्प्रिंग नाही, ते कामही कॅमच करतो. असे भाग बाजारात मिळत नाहीत, मुद्दाम घडवावे लागतात. एकेक करून सगळेच बदलले, तर नाव तेच राहील आणि गाडी दुसरीच होईल.

पण थांबवण्याचीही किंमत आहे. उभ्या गाडीतलं रबर कडक होतं, टाकीत राहिलेलं पेट्रोल चिकट होतं, तेव्हा निगा ठेवावीच लागते. आणि आवाज जातो. मुकी उभी असलेली गाडी पाहून कोणाला कळणार, की त्या दोघांना हातांच्या खुणा का लागल्या? ते कळतं जेन्किन्सनने त्या प्रवासाचं सविस्तर लिहून ठेवलं म्हणून.

आमच्या कामात मला हेच रोज दिसतं. एका जुन्या प्रणालीत महिनाअखेरीची एक आकडेमोड दोनदा व्हायची. सगळ्यांना वाटलं, ही चूक आहे, काढून टाकू. तिथून निवृत्त झालेल्या एका काकांना फोन केला. ते म्हणाले, “अगं, एका शाखेचे आकडे नेहमी संध्याकाळी उशिरा यायचे. दुसरी फेरी त्यांच्यासाठी.” हे कुठल्याही कागदावर नव्हतं. बटण दाबून प्रणाली बंद करायला दोन मिनिटं पुरतात. त्याआधी अशा काकांजवळ बसायला दोन-दोन महिने लागतात, आणि खरं काम तेच असतं.

आपले गणिताचे सर उत्तर बरोबर असलं तरी रीत नसेल तर अर्धे गुण कापायचे. तेव्हा किती राग यायचा! आता मी माझ्या टीमला तेच सांगते: उत्तर कोडमध्ये दिसतंय, रीत लिहा.

दहावी होऊन आपल्याला तीस वर्षं झाली. समोर बसलेले बहुतेक सर आणि बाई निवृत्त आहेत, काही आज आपल्यात नाहीत. आपले सत्कार, हार, फोटो सगळं होईल. पण माझी एक विनंती आहे. जेवणाच्या पंगतीत प्रत्येकाने एका सरांजवळ किंवा बाईंजवळ बसावं आणि विचारावं, “तुम्ही ते तसं का शिकवायचात?” आणि घरी गेल्यावर ऐकलेलं लिहून काढावं. पुढच्या स्मरणिकेत फोटो थोडे कमी असले तरी चालतील.