रेषेच्या आत वीस मिनिटं

मी बडोद्याहून बोलते आहे. ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता निवृत्त आहे. आज मला बोलायचंय ते मोठ्या माणसांनी रंगवायच्या वह्यांबद्दल. हो, मोठ्यांच्याच. काळ्या रेषांनी छापलेलं चित्र असतं, त्यात आपण रंग भरायचे. एवढंच काम.

या वह्या अचानक दुकानांत आल्या असं अनेकांना वाटतं. जोहाना बॅसफर्ड नावाच्या स्कॉटिश चित्रकर्तीचं ‘सीक्रेट गार्डन’ हे पुस्तक २०१३ मध्ये निघालं. पानं, वेली, पाखरं, सगळं हाताने शाईत काढलेलं, आणि मुद्दाम मोठ्यांसाठी. दोनेक वर्षांत जगभर त्याची लाट आली. आपल्याकडे विमानतळावरच्या दुकानांपासून गल्लीतल्या स्टेशनरीवाल्यापर्यंत ‘तणावमुक्तीसाठी रंगवा’ असं लिहिलेल्या वह्या दिसू लागल्या. पुढे लाट ओसरली, वह्या मात्र राहिल्या.

आता चित्रकलेच्या शिक्षिकेने याची भलामण करावी, हे काहींना खटकेल. आमच्या क्षेत्रात या वह्यांना फारसा मान नाही. व्हिक्टर लोवेनफेल्ड हे कलाशिक्षणातलं मोठं नाव. १९४७ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी मुलांच्या रंगवायच्या वह्यांना स्पष्ट विरोध केला होता. मुलाने स्वतःचा वेडावाकडा कुत्रा काढलेला असतो. त्याच्यासमोर छापील, सुबक कुत्रा ठेवला, की त्याला आपला कुत्रा टाकाऊ वाटायला लागतो. हे मी वर्गात पाहिलंय आणि आजही माझं तेच मत आहे. पाच वर्षांच्या मुलाला कोरा कागद द्या.

पन्नाशीच्या माणसाला कोरा कागद देऊन बघा मात्र! ‘मला चित्र येत नाही’ हे पहिलं वाक्य. दुसरं, ‘काय काढू?’ आणि तिसऱ्याला माणूस उठून चहा टाकायला जातो.

यावर एक छोटासा, सुरेख प्रयोग झालेला आहे. २००५ साली नॅन्सी करी आणि टिम कासर या दोघांनी अमेरिकेत ८४ कॉलेज विद्यार्थ्यांवर तो केला. आधी त्यांना मुद्दाम थोडं अस्वस्थ केलं. मग तीन गट पाडले. एका गटाला वर्तुळाकार मंडल रंगवायला दिलं, दुसऱ्याला चौकड्यांची नक्षी दिली, तिसऱ्याला कोरा कागद देऊन हवं ते रंगवा म्हटलं. वीस मिनिटांनी पाहिलं, तर मंडलवाल्यांची आणि चौकडीवाल्यांची अस्वस्थता चांगली उतरली होती. कोऱ्या कागदवाल्यांची तशी उतरली नाही.

मला यातली चौकडी महत्त्वाची वाटते. आपल्या देशात मंडल म्हटलं की लगेच चक्रं, ऊर्जा, कंपनं सुरू होतात आणि वहीची किंमत शंभर रुपयांनी वाढते. इथे तर टेबलावरच्या चादरीसारख्या साध्या चौकड्यांनीही काम केलं. म्हणजे गुण त्या बांधलेल्या जागेचा असावा. पुढे काय करायचं ते ठरलेलं आहे, पण ते करताना लक्ष द्यावं लागतं. डोक्यातला गिरमिट थांबायला तेवढं पुरतं.

आपल्या बायकांना हे सांगायला नको खरं तर. ठिपक्यांची रांगोळी काय आहे? पंधरा ते आठ ठिपके घातले की निम्मं काम झालं. उरलेलं ठिपके जोडणं आणि चिमटीने रंग सोडणं. दारात उकिडवं बसून ती घालणारी बाई त्या वेळात कुणाला ‘ओ’ देत नाही. आणि तुमच्यापैकी ज्यांनी शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या असतील, त्यांना संकल्पचित्र आठवेल. पोस्टर कलरचा सपाट हात द्यायचा, रेषेबाहेर जायचं नाही. वस्तुचित्राला घाबरणारी मुलं त्या पेपरला निवांत असायची.

माझ्यासाठी हा विषय पुस्तकातून आलेला नाही. माझ्या यजमानांचं तीन वर्षांपासून डायलिसिस चालू आहे. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. डाव्या हाताला फिश्चुला आहे, म्हणजे तिथे सुया टोचलेल्या, तो हात हलवायचा नाही. उजवा मोकळा. पहिले काही महिने त्या मोकळ्या हातात मोबाइल असायचा आणि त्यावर मूत्रपिंडाविषयीचे व्हिडिओ. घरी येईपर्यंत माणूस काळवंडलेला.

मग मी एक वही, बारा रंगीत पेन्सिली आणि परीक्षेचं क्लिपबोर्ड घेऊन गेले. ‘मी काय बालवाडीत आहे का?’ झालं. दोन खेपा वही तशीच पडून. तिसऱ्या खेपेला मशीनचा अलार्म सारखा वाजत होता, त्या वैतागात त्यांनी एक पान उघडलं आणि पिंपळाच्या पानात निळा रंग भरायला घेतला. माझ्यातली शिक्षिका लगेच जागी. म्हटलं, ‘अहो, निदान कडेला हिरवा तरी द्या.’ त्यांनी मान वर न करता सांगितलं, ‘पाणी किती प्यायचं ते डॉक्टर सांगतात. केळं खाऊ नको, शहाळं पिऊ नको, तेही सांगतात. पानाला रंग कोणता द्यायचा ते तरी मला कुणी सांगू नका.’

त्या दिवसापासून मी त्यांच्या पानावर बोलत नाही. शेजारच्या खुर्चीवर बसून माझी वेगळी वही रंगवते. चार तासांतला एखादा तास आम्ही दोघं असे गप्प असतो, आणि ही गप्प बसणी आधीच्या गप्प बसण्यासारखी नाही. पलीकडच्या पलंगावर रिक्षा चालवणारे एक भाई असतात. त्यांनी एकदा विचारलं, ‘बेन, एक पानुं मने आपो ने.’ त्यांना मी मोर दिला. त्यांनी तो तीन खेपांत पुरा केला आणि नातीसाठी घरी नेला.

यातून त्यांचं क्रिएटिनिन उतरलं नाही. उतरणारही नाही. हे स्पष्ट सांगते, कारण वह्यांच्या मुखपृष्ठावर सर्रास ‘आर्ट थेरपी’ लिहिलेलं असतं. आर्ट थेरपी म्हणजे शिकलेल्या तज्ज्ञासोबत बसून केलेलं काम. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सल विद्यापीठातल्या गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दोन्हींची तुलना प्रसिद्ध केली. चाळीस मिनिटं नुसतं रंगवलं तरी ताण कमी झाला. पण तज्ज्ञासोबत मोकळेपणी काही घडवलं, तेव्हा ताणासोबत मनाची उभारीही वाढली, आपल्याला काही जमतं असं वाटण्यात फरक पडला. रंगवण्याने तेवढं झालं नाही. तेव्हा झोप उडाली असेल, जेवणावरची वासना गेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून माणसाशी बोला. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं. परराज्यात राहणाऱ्या आपल्या लोकांना हे माहीत असावं. दुःख परक्या भाषेत सांगणं अवघड जातं.

आता साहित्याचं थोडं. छत्तीस-अठ्ठेचाळीस रंगांच्या डब्याच्या नादी लागू नका, निवडण्यातच जीव जातो. बारा लाकडी पेन्सिली पुरतात. स्केचपेन पातळ कागदावर मागे फुटतं, मागचं चित्र वाया जातं. मेणाचे खडू बारीक नक्षीत जात नाहीत. पेन्सिल दाबून गिरवू नका. हलक्या, छोट्या गोलाकार हाताने एक थर द्या, त्यावर दुसरा. आधी पिवळा आणि त्यावर हिरवा दिला, तर नुसत्या हिरव्यापेक्षा पान जिवंत दिसतं. टोकयंत्र डबीचं घ्या, म्हणजे भुसा अंथरुणावर सांडत नाही. आणि चाळिशी लागली असेल तर जाळीसारखी बारीक नक्षी घेऊच नका. निवांत व्हायला बसायचं आणि डोकं धरून उठायचं, असं होतं. हात थरथरत असेल तर जाड, तिकोनी पेन्सिली मिळतात आणि मोठ्या पाकळ्यांची चित्रंही.

एका बैठकीत पान संपवायचं नाही. फोटो काढून ग्रुपवर टाकायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी टाकत नाही, कारण मग लोक ‘छान’ म्हणतात आणि पुढचं पान छान व्हायलाच हवं असं वाटू लागतं.

वही विकत घ्यायची नसेल तर आलेखाचा कागद आणा. त्यावर आईच्या किंवा आजीच्या हातची आठवेल ती ठिपक्यांची रांगोळी काळ्या पेनाने काढा आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून पाच-सहा झेरॉक्स काढून आणा. एक स्वतःला ठेवा, बाकीच्या घरात वाटा. कोण कुठला रंग कुठे भरतं ते बघा, आणि बोलू मात्र नका.