डोंगर चढताना बदलणारे वन
(हीरक महोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



सिहोऱ्याहून कोणत्याही दिशेस निघालो, तरी साग, पळस, मोह आणि तेंदू हेच सोबती भेटतात. (या तेंदूला मराठीत टेंभुर्णी म्हणतात, हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगावे लागते!) त्यामुळे वन म्हणजे हेच, अशी आपली समजूत होते. ती मोडावयाची तर डोंगर चढला पाहिजे.

दर हजार मीटर उंचीला हवा साधारणतः साडेसहा अंशांनी गार होते. हिमालयात याचा प्रत्यय पायरीपायरीने येतो. पायथ्याशी साल, त्यावर चीड, मग बांज आणि देवदार, त्याहून वर रई व भूर्ज, आणि शेवटी झाडे संपून केवळ गवताची बुग्याळे.

आपला सातपुडा एवढा उंच नाही. तरीही पचमढीजवळच्या धूपगडाची उंची 1352 मीटर, म्हणजे जबलपूरपेक्षा सुमारे 940 मीटर अधिक आहे. तेथे हवा आपल्याहून सहा अंशांनी थंड असावी, हे गणित सातवीचा विद्यार्थीही मांडील. पायथ्याकडील काळ्या खडकावर साग वाढतो. पचमढीच्या वालुकाश्मावर मात्र सालाचे राज्य आहे. म्हणजे केवळ उंची नव्हे, पायाखालचा दगडही वन ठरवितो. दऱ्यांत जांभूळ, आंबा आणि वृक्षाएवढे वाढणारे नेचे आढळतात. चॅम्पियन व सेठ यांनी 1968 साली भारतीय वनांचे 16 गट पाडले. त्यांत या माथ्यावरील वनाला मध्य भारतीय उपोष्ण डोंगरी वन असे स्वतंत्र स्थान मिळाले आहे.

कान्ह्यात तर क्रम उलटा वाटतो. तेथे दरीत साल, उतारावर बांबूसह मिश्र वन आणि माथ्यावरील सपाटीवर गवत असते. तिला तेथील लोक 'दादर' म्हणतात. हिवाळ्याच्या रात्री जड, गार हवा खाली उतरून खोलगट मैदानांत साचते आणि सालाची कोवळी रोपे करपवून टाकते. त्यामुळे वनाच्या मधोमध कुरणे टिकून राहतात. डोंगर जितका उंच तितका थंड, हा पुस्तकी नियम तेथे रात्रीपुरता खोटा ठरतो.

आता चिंतेची गोष्ट. हवा तापू लागली की गारव्याची झाडे वर सरकतात. हिमालयात त्यांना वर जागा आहे. धूपगडावर 1352 मीटरनंतर आकाशच आहे. तेथील नेच्यांनी कोठे जावे?

म्हणून एक सूचना करतो. शाळेची सहल पचमढीस जाते तेव्हा साग कोठे संपला, साल कोठे सुरू झाला, नेचा कोठे दिसला, हे तारखेसह एका वहीत नोंदवावे. ती वही ग्रंथालयात राहावी आणि पुढील प्रत्येक तुकडीने तीत भर घालावी. पहिली वही मी आज मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करीत आहे.