कंपवाताची रक्तातील चाहूल



कंपवात हे नाव आयुर्वेदाच्या परंपरेतून घरोघरी पोहोचले आहे. या विकारावर दिल्या जाणाऱ्या खाजकुहिलीच्या बियांतून दामोदरन व रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ साली लेव्होडोपा वेगळे केले. ही अभिमानाचीच गोष्ट. परंतु आजोबांचा हात थरथरू लागतो, तोवर मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशींचा मोठा भाग नष्ट झालेला असतो. खरे दुःख हे आहे.

२०१७ साली अमेरिकेत डेव्हिड सुल्झर व अलेस्सांद्रो सेट्टे यांना आढळले की, काही रुग्णांच्या रक्तातील टी-पेशी अल्फा-सिन्युक्लीन या शरीरातल्याच प्रथिनावर उलटतात. पहारेकऱ्याने घरच्यालाच चोर समजावे, तसे! २०२० साली एका रुग्णाचे निदानापूर्वी अनेक वर्षे जपलेले रक्त तपासले गेले, तेव्हा ही खूण त्यातही उमटलेली दिसली.

रुग्ण एकच, हे विसरता कामा नये. शिवाय सर्वांतच ती खूण सापडत नाही. तिच्यावरून निदान करणारी चाचणी अद्याप दवाखान्यात आलेली नाही. तोवर वास न येणे, जुनाट बद्धकोष्ठता, बारीक होत गेलेले अक्षर यांकडे ‘वय झाले’ म्हणून दुर्लक्ष न करता मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.