लागवडीची वही



आपले फूल उत्पादकांचे हे अधिवेशन आषाढात का भरते, असे काल एका तरुण मुलाने मला विचारले. आषाढात लग्ने नसतात. श्रावण लागला की सोमवार, मंगळागौर, मग गणपती, नवरात्र, दसरा, दिवाळी. तेव्हा आपल्यातल्या कुणालाही दोन दिवस शेत सोडून निघता येत नाही. आपल्या सभेची तिथीसुद्धा बाजारच ठरवतो.

कांदा चाळीत राहतो. ज्वारी कणगीत राहते. द्राक्ष विकले गेले नाही तर त्याचा बेदाणा करता येतो. मोगऱ्याची पहाटे खुडलेली कळी मात्र रात्रीपर्यंत उमलून जाते आणि दुसऱ्या दिवशी तिला कुणी विचारत नाही. बाजारात उतरवलेला माल आपल्याला माघारी नेता येणार नाही, हे समोर बसून भाव बोलणाऱ्याला पक्के ठाऊक असते. आपली सगळी अडचण या एका गोष्टीत आहे. आजच्या भाषणात मला तिच्याबद्दलच बोलायचे आहे.

मी लग्न होऊन पुरंदरमध्ये आले तेव्हा घरची दहा गुंठे गुलछडी होती. सासूबाई आणि मी पहाटे बॅटरीच्या उजेडात सुटी फुले तोडायचो, ओल्या फडक्यात बांधायचो आणि पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाणाऱ्या टेम्पोत टाकायचो. संध्याकाळी टेम्पोवाला पट्टी आणून द्यायचा. पट्टीवर लिहिला असेल तो भाव. शेजारच्या रानात तीच फुले होती, ती जायचीही त्याच टेम्पोतून. पण त्यांना काय पट्टी आली हे आम्ही कधी विचारले नाही आणि त्यांनी कधी सांगितले नाही. आपला भाव कळला तर उद्या तेही आपल्याच आडत्याकडे माल टाकतील, ही आमची भीती. त्यांचीही तीच.

अशा मेळाव्याला मी पहिल्यांदा आले ती घरच्यांबरोबर, मागच्या रांगेत बसायला. भाषणांतले फारसे कळले नाही. दुपारच्या पंगतीत शेजारी एक वयस्कर बाई बसल्या होत्या, त्यांचीही गुलछडीच. बोलता बोलता त्यांनी पिशवीतून आदल्या बुधवारची पट्टी काढून दाखवली. वार तोच, बाजार तोच, आणि किलोला आमच्यापेक्षा १८ रुपये जास्त. मी घास हातात धरून त्यांना विचारत राहिले. त्या उन्हे यायच्या आत तोडा संपवत, बारीक आणि डागी फूल बाजूला काढत, आणि मालाबरोबर घरचे एक माणूस बाजारात पाठवत. आमच्या घरचे कुणी त्या बाजारात कधी उभेच राहिले नव्हते. पुढच्या आठवड्यापासून आम्ही आळीपाळीने जाऊ लागलो. पुढे दहा गुंठ्यांचे पॉलिहाऊस झाले, जरबेरा आला, कर्ज आले आणि फिटलेही. त्याची सुरुवात त्या पंगतीत आहे.

म्हणून, व्यवसायाच्या गोष्टी सभागृहात आणि स्नेहाच्या गोष्टी जेवणावळीत, ही कार्यक्रमपत्रिकेतली विभागणी मला मान्य नाही. या धंद्यात ओळख हेच भांडवल आहे. मावळातल्या गुलाबवाल्यांना विचारा. १४ फेब्रुवारीसाठी परदेशी जाणारा गुलाब जानेवारीच्या अखेरीस कापणीला यायला हवा. त्यासाठी डिसेंबरात नेमके कधी बेंडिंग करायचे, म्हणजे फांद्या वाकवायच्या, थंडी वाढली तर किती दिवस धरायचे, हे पुस्तकात वाचून येत नाही. शेजाऱ्याच्या पॉलिहाऊसमध्ये जाऊन, त्याचे गेल्या वर्षी काय चुकले ते ऐकून येते. चूक सांगायला मन मोठे लागते. ज्याने आपली चूक सांगितली त्याचे उपकार मी विद्यापीठाच्या शिफारशीइतकेच मोठे मानते.

हॉलंडचे नाव आपण फार घेतो. गुलाबाच्या जाती तिकडून आल्या, जरबेराची रोपे तिकडून आली, ‘डच गुलाब’ हा शब्द तर खेड्यातल्या हारवाल्यापर्यंत पोचला. पण तिथल्या शेतकऱ्यांनी काय केले ते आपण पाहिले नाही. व्यापारी ठरवील तो भाव घेऊन कंटाळलेले आल्समीर गावचे फूल उत्पादक १९११ साली एका कॅफेत जमले आणि त्यांनी स्वतःचा लिलाव सुरू करायचे ठरवले. तिथल्या लिलावाच्या घड्याळाचा काटा चढ्या भावाकडून खाली येतो आणि जो व्यापारी आधी बटण दाबतो त्याला माल मिळतो. थांबणाऱ्याच्या हातून माल जातो, म्हणजे घाई घेणाऱ्याला असते. फूल नाशवंत आहे ही आपली दुबळी बाजू त्यांनी अशी व्यापाऱ्याच्या अंगावर टाकली. तो लिलाव आजही उत्पादकांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचा आहे. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा करणाऱ्या महाराष्ट्राला सहकार शिकवायला कुणी नको. तरीही फुलांत तो रुजला नाही, कारण आपण एकमेकांना पट्टी दाखवत नाही. ज्यांना एकमेकांचा भाव माहीत नाही, त्यांची संस्था कशी उभी राहणार?

जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरवायचे काम घरात आले आणि लोक त्यांना ‘फुले’ म्हणू लागले. म्हणजे आपला धंदा या राज्यातल्या एका थोर माणसाच्या आडनावात आहे. त्याच माणसाने १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला आणि विद्येवाचून कुणबी कसा नागवला जातो ते दाखवले. बाजारभावाची माहिती ही आपल्या काळातली विद्याच आहे. ती आपण आपल्याच शेजाऱ्यापासून लपवतो, याचे मला फार वाईट वाटते.

प्लॅस्टिकच्या फुलांबद्दल उद्या स्वतंत्र ठराव येणार आहे, म्हणून थोडक्यात बोलते. एकल वापराच्या प्लॅस्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली, पण बंदीच्या यादीत प्लॅस्टिकची फुले नाहीत. ती यायला हवीत, ही आपली मागणी न्याय्य आहे. मात्र बंचच्या मधोमध आखूड दांडीचा गुलाब दडवणे आणि शिळ्या झेंडूवर पाणी मारून तो ताजा म्हणून पाठवणे हेही थांबायला हवे. मांडववाला एकदा फसला की पुढच्या वेळी प्लॅस्टिक घेतो आणि तेच वर्षभर वापरतो.

२५ मार्च २०२० ही तारीख या सभागृहातले कुणी विसरलेले नाही. त्या दिवशी गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी कोरोनामुळे देश बंद झाला. पाडव्यासाठी धरलेला झेंडू उभ्या रानात राहिला, पुढच्या लग्नसराईचा जरबेरा आम्ही रोज तोडून खड्ड्यात टाकत होतो. फूल तोडले नाही तर झाड बसते, म्हणून फेकण्यासाठी मजुरी देऊन तोडावे लागत होते. त्या दिवसांत मला सरकारी दूरध्वनी आला नाही. आला तो अशाच एका अधिवेशनात ओळख झालेल्या दोघींचा. एकीने तिच्या रानात रोटाव्हेटर फिरवला होता. तिने मला सांगितले, तू फिरवू नकोस, नुसती छाटणी करून झाडे जगव. मी जगवली. गणपतीनंतर त्याच झाडांनी घर सावरले.

सभागृहात आज पुरुष जास्त आहेत. पहाटे तोडा करणारे, कळ्या निवडणारे, जुड्या बांधणारे हात मात्र बहुतेक बायकांचे असतात. कुठली जात लवकर मान टाकते, कुठल्या बेडवर थ्रिप्स आधी दिसतो, हे त्यांनाच आधी कळते. पुढच्या वर्षी प्रत्येक सभासदाने घरातल्या तोडा करणाऱ्या बाईला बरोबर आणावे. तिची नोंदणी तिच्या नावाने व्हावी, कुणाची सौ. म्हणून नको.

आता मुद्द्याची गोष्ट. दसऱ्याचा झेंडू येत्या काही आठवड्यांत रानात जाईल. लागवडीपासून फूल यायला साधारण दोन महिने लागतात आणि आपण सगळे एकच दिवस धरतो. मग दसऱ्याच्या दुपारी रस्त्याच्या कडेला ढीग सोडून टेम्पो रिकामे परततात. तुम्ही ते पाहिले आहे, मी स्वतः ते ढीग सोडले आहेत. कुणी किती गुंठे लावले हे आज, लावण्याआधी कळले, तर काही जण वीस दिवस मागे राहून दिवाळी धरू शकतात, काही जण क्षेत्र कमी करून उरलेल्या जागेत दुसरे काही करू शकतात. याला अनुदान लागत नाही, कायदा लागत नाही.

दाराशी टेबलावर एक जाड वही ठेवली आहे. त्यात चार रकाने आखले आहेत: गाव, फूल आणि जात, गुंठे, पहिला तोडा. उद्या दुपारी तालुकावार बेरीज करून ती इथूनच वाचून दाखवली जाईल. पहिली ओळ मी आज सकाळी लिहिली आहे: पिवळा झेंडू, २० गुंठे, पहिला तोडा दिवाळीच्या आठवड्यात. जेवायला बसण्याआधी तुमचीही ओळ लिहा, आणि खरा आकडा लिहा.