आपल्या नावावरचं कर्ज

(भिवापूर येथील युवक बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



बँकेची नोकरी चालते का, घरासाठी कर्ज काढावं का, हे प्रश्न आपल्या प्रत्येक बैठकीत निघतात. निघायलाच हवेत. पण सरकार तुमच्या-माझ्या नावावर जे कर्ज काढतं, त्याबद्दल कुणी विचारत नाही. आज त्यावर बोलू.

मालदीव घ्या. पाचेक लाख वस्तीचा मुस्लिम देश. तांदूळ, औषधं, डिझेल, सगळं बाहेरून येतं. डॉलर येतात ते पर्यटकांकडून. २०२० मध्ये कोरोनाने पर्यटन बसलं. २०२१ मध्ये या देशाने सुकूक काढून ५० कोटी डॉलर उभे केले. सुकूकमध्ये व्याज नसतं, मालमत्तेच्या उत्पन्नातला वाटा असतो. तो वाटा ठरला जवळजवळ दहा टक्के. २०२४ च्या सप्टेंबरात खजिन्यात डॉलर कमी पडायला लागले आणि हप्ता बुडेल या भीतीने सुकूकचा भाव कोसळला. भारताने ५ कोटी डॉलरचा हातभार लावला, ऑक्टोबरात ४० कोटी डॉलरच्या चलन अदलाबदलीचा करार केला, तेव्हा वेळ निभावली. कर्जाचं नाव बदललं म्हणून फेडायचे डॉलर कुठून आणायचे हा प्रश्न सुटत नाही.

आपल्या भाषेत सांगतो. अब्बांनी मिरची लावायला पैसे उचलले, पण अट अशी की फेडायचं सोन्याच्या वजनात. मिरचीचा भाव पडला आणि सोनं चढलं, तर भिवापुरी मिरचीला कितीही नाव असो, घर बुडतं. श्रीलंकेचं हेच झालं. १२ एप्रिल २०२२ ला त्यांनी परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले आणि लोक पेट्रोल, गॅस, औषधांच्या रांगेत उभे राहिले.

आपण असे उघड्यावर नाही. राज्यघटनेच्या कलम २९३ प्रमाणे राज्याला परदेशातून थेट कर्ज काढता येत नाही, ते केंद्रामार्फत येतं. नागपूर मेट्रोसाठी २०१६ मध्ये जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचे ५० कोटी युरो ठरले, ते याच वाटेने. तेव्हा युरो पंचाहत्तर रुपयांच्या आसपास होता, २०२४ मध्ये नव्वदच्या. मेट्रोचं तिकीट मात्र रुपयांत निघतं.

पण परदेशी कर्ज नसलं म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. गोसीखुर्द बघा, आपल्या शेजारचं. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी पायाभरणी केली. मूळ अंदाज ३७२ कोटींचा. २००९ च्या सुमारास तो ७,७७७ कोटींवर गेला, २०१६ मध्ये १८,४९४ कोटींवर. अडीच लाख हेक्टर भिजवायचं ठरलं होतं. धरण भरलं, गावं उठली, कालवे मात्र रखडले, आणि झालेल्या कामाच्या दर्जाचीही चौकशी करावी लागली. महागाई, पुनर्वसन, भूसंपादन ही कारणं खरी आहेत. पण तेवढ्याने अंदाज पन्नासपट होतो, हे माझ्या गळी उतरत नाही. यातला डॉलर कुणाचाच नव्हता. पैसा आपलाच, कराचा आणि देशातल्या कर्जाचा.

कुरआनातली सर्वात लांब आयत कशाबद्दल आहे, माहीत आहे ना? सूरह बकराची २८२ वी. नमाज-रोज्याबद्दल नाही, उधारीच्या व्यवहाराबद्दल. मुदत ठरवा, लिहून ठेवा, लिहिणारा न्यायाने लिहिणारा असो, साक्षीदार घ्या, रक्कम लहान असो की मोठी. रिबावर आपण तासन् तास बोलतो आणि या आयतीवर पाच मिनिटं नाही! साक्षीदार म्हणजे आपणच की.

म्हणून एक काम. मोखाबर्डी उपसा सिंचन योजना गोसीखुर्दचाच भाग आहे. तिच्यावर आजवर किती खर्च झाला, आपल्या तालुक्यातली कोणती गावं तिच्या लाभक्षेत्रात आहेत, आणि मागच्या हंगामात प्रत्यक्ष किती हेक्टरला पाणी मिळालं? माहितीच्या अधिकारात एवढे तीनच प्रश्न. अर्जाचे नमुने मागच्या टेबलावर आहेत. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. मुलींनीही भरा, शेत अब्बांच्या नावावर असलं तरी चालतं.